पाणसळ आणि पाण्याची वाट

घर बांधणारा गवंडी पायाचा पहिला थर रचूं लागला म्हणजे दोन साधनें सतत जवळ बाळगतो : एक ओळंबा आणि दुसरी पाणसळ. भिंत सरळ उभी राहत आहे कीं नाहीं हें ओळंबा सांगतो. थर आडवा, समपातळींत बसला कीं नाहीं हें पाणसळ सांगते. एकदां जोतें साधलें आणि वर घर उभें राहिलें, कीं त्यांत राहणाऱ्या कुटुंबाला या दोन साधनांची पुढें आठवणही राहत नाहीं. वाटींतील आमटी कांठाशीं सारखी राहते, अर्धवट लोटलेलें दार आपोआप उघडत नाहीं, आणि पलंगावर निजलेला माणूस सकाळीं पलंगावरच जागा होतो. या साऱ्या सुखाचें श्रेय जोत्याला आहे हें कोणाच्या ध्यानींमनींही नसतें. परंतु ज्या घराला जोतेंच नाहीं, जें रोज संध्याकाळीं नव्या जमिनीवर उभें राहतें, त्या घरच्या माणसाला मात्र रोज गवंडी व्हावें लागतें.

अशा बिनजोत्याच्या घरांची हौस अमेरिकेंत फार. तेथें 'पिकअप' या नांवाची, पुढें चालकाची बैठक व मागें उघडा हौदा असलेली मालमोटार अतिशय लोकप्रिय आहे. या हौद्यांत नेमकी बसेल अशी एक खोली तयार करून ती मोटारीच्या पाठीवर चढवितात. तिला 'ट्रक कँपर' म्हणतात. ही खोली मोटारीला कायमची जोडलेली नसते. तिच्या चारी कोपऱ्यांस लांब होणारे पाय असतात. त्यांवर तिला उचलून धरावें, खालून मोटार काढून घ्यावी, आणि निघावयाच्या वेळीं पुन्हा खालीं आणावी, अशी सोय असते. एवढ्याशा जागेंत काय काय म्हणून नसतें? चालकाच्या टपावर पुढें आलेल्या भागांत दोघांची शेज, खालीं शेगडी, भांडीं धुण्याचें कुंड, पाण्याच्या टाक्या, शीतकपाट म्हणजे फ्रीज, आणि मोठ्या प्रकारांत छोटीशी न्हाणीसुद्धां. सारें मिळून दोन-चार हजार पौंडांचें ओझें सहज होतें.

जॉन स्टाइनबेक या विख्यात अमेरिकन कादंबरीकारानें १९६० सालीं आपला देश पुन्हा एकदां पाहावा म्हणून प्रवास केला, तो अशाच घरांतून. सोबतीला चार्ली नांवाचा कुत्रा होता. डॉन किहोतेच्या घोड्याचें 'रोसिनान्ते' हें नांव त्यानें आपल्या वाहनाला दिलें होतें. त्या प्रवासाचें पुस्तक १९६२ सालीं निघालें, आणि तें वाहन कॅलिफोर्नियांतील सलिनास या त्याच्या जन्मगांवीं त्याच्या स्मारक-संग्रहालयांत जतन करून ठेवलेलें आहे.

अशा घराचा कस दिवसभराच्या प्रवासांत लागत नाहीं. तो लागतो संध्याकाळीं, थांबण्याच्या वेळीं. पैसे घेऊन जागा देणाऱ्या तळांवर कित्येकदां जमीन सपाट करून ठेवलेली असते. परंतु अॅरिझोना, युटा, नेव्हाडा या पश्चिमेकडील राज्यांत 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या सरकारी खात्याच्या ताब्यांत विस्तीर्ण मोकळी जमीन आहे, आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणीं चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करतां येतो. तेथें जमीन निसर्गानें जशी ठेविली तशीच असते. समजा, एक वयस्क जोडपें दिवस मावळतांना अशा माळावर पोंचलें. जागा पाहतां क्षणीं सपाट वाटली, म्हणून मोटार उभी केली. गृहिणीनें आंत जाऊन टेबलावर एक संत्रें ठेविलें, तों तें गडगडत थेट दाराशीं गेलें! डोळ्यानें दिलेली साक्ष संत्र्यानें खोटी ठरविली.

डोळा फसतो तो कां? आडवें काय आणि उभें काय हें डोळा आसपासच्या रेषांवरून ठरवितो. दूरची डोंगराची धार, रस्त्याची कड, झाडांची रांग, यांनाच तो प्रमाण मानतो. सारें खोरेंच एका बाजूस उतरत असेल तर त्यांतली थोड्या उताराची जागा त्याला सपाट, किंबहुना उलट्या बाजूस चढती भासते. सांताक्रूझ शहराजवळ 'मिस्टरी स्पॉट' नांवाचें एक स्थळ आहे. तेथील कललेल्या झोपडींत चेंडू चढावर धांवतांना दिसतो आणि माणसें भलत्याच कोनांत उभीं असलेलीं दिसतात. त्यांत गूढ कांहींच नाहीं. झोपडीच्या भिंती कललेल्या आहेत, आणि डोळा त्यांनाच उभ्या समजून बसतो, इतकेंच.

शरीराचा तोल मात्र एकट्या डोळ्याच्या हवालीं केलेला नाहीं. अंतःकर्णांत चुन्याच्या जातीचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. गुरुत्व त्यांना ज्या बाजूस ओढतें ती खालची बाजू, हें मेंदूला त्यांच्यामार्फत कळतें. कललेल्या खोलींत डोळा म्हणतो भिंती उभ्या आहेत, कान म्हणतो नाहीत. आणि या भांडणांत माणसाला भोंवळल्यासारखें होतें. म्हणून निवाडा तिसऱ्याकडे सोंपवावा हें बरें. तो तिसरा म्हणजे पाणसळींतील बुडबुडा.

आजची पाणसळ ही वस्तुतः एक किंचित् कमानदार नळी असते. तींत मद्यार्कासारखा पातळ द्रव भरून हवेचा एक बुडबुडा ठेविलेला असतो. बुडबुडा नेहमीं कमानीच्या सर्वांत उंच ठिकाणीं जातो. नळी समपातळींत असली तर तें ठिकाण बरोबर मध्यें येतें. एक टोंक उचललें तर बुडबुडा त्या टोंकाकडे सरकतो. म्हणजे बुडबुडा ज्या बाजूस गेला ती बाजू उंच, हें विसरूं नये. घाईंत अनेकजण नेमका उलटा अर्थ करतात. सतराव्या शतकांत, १६६१ च्या सुमारास, फ्रान्समधील मेलशिसेदेक तेव्हनो यानें ही युक्ति काढली.

पाणसळ स्वतः खरी आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीत सोपी आहे. ती टेबलावर ठेवून बुडबुडा कोठें राहतो तें पाहावें; मग त्याच जागीं ती टोंकाटोंकांनीं फिरवून पुन्हा ठेवावी. दोन्ही वेळां बुडबुडा एकाच दिशेला, म्हणजे खोलीच्या एकाच भिंतीकडे झुकला, तर दोष टेबलाचा. भिंत बदलली, तर दोष पाणसळीचा. आजकालच्या मोबाइल फोनमध्येंही गुरुत्वाची दिशा ओळखणारें सूक्ष्म यंत्र असतें व त्याचा पाणसळीसारखा उपयोग करतां येतो. पण पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असलेला फोन सपाट बसत नाहीं, आणि त्या उंचवट्याएवढी चूक मापांत शिरते.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, हें घर किती समपातळींत असलें म्हणजे पुरे? हौशी प्रवासी बुडबुडा केसभरही सरकूं नये म्हणून अर्धा तास खटपट करतो. आळशी प्रवासी 'एका रात्रीचा तर प्रश्न' म्हणून सोडून देतो. दोघेही एक गोष्ट विसरतात. समपातळी ही कोणाला तरी हवी असते, आणि ज्याला हवी त्याच्या गरजेवरून तिचें माप ठरवावयास पाहिजे. या घरांत तिचे तीन हक्कदार आहेत : माणूस, पाणी आणि शीतकपाट.

माणसाची मागणी माफक असते. सहा फूट आठ इंच लांबीच्या शेजेला ३ अंशांचा कल असेल तर उशी आणि पायथा यांत सुमारें सव्वाचार इंचांचा फरक पडतो. डोकें वर आणि पाय खालीं असा एवढा कल बहुतेकांना सोसतो. डोकें खालीं गेलें तर मात्र झोंप लागत नाहीं. कुशीच्या बाजूस कल असला तर दोघांपैकीं एकजण रात्रभर दुसऱ्यावर घसरत राहतो. पाण्याची मागणी थोडी अधिक. कुंडांतलें पाणी भोंकाकडे न जातां कोपऱ्यांत सांचतें, न्हाणींत थारोळें होतें, तव्यावरचें तेल एका कडेला जातें, आणि टाकी किती भरली हें दाखविणारा कांटा खोटें सांगूं लागतो. हे सारे त्रासच आहेत, धोके नव्हेत. तिसरा हक्कदार मात्र कडक आहे.

अशा फिरत्या घरांत वीज बेताची असे, म्हणून शोषण-पद्धतीचें शीतकपाट वापरण्याची चाल पडली. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोम येथील तंत्रविद्यालयाच्या दोन विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं तें शोधून काढलें. त्यांत पंप नाहीं कीं फिरणारें चक्र नाहीं. अमोनिया व पाणी यांचें मिश्रण एका छोट्या बंबांत ज्योतीनें किंवा विजेनें तापवितात. अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन तिचा द्रव होतो, आणि पुढें हैड्रोजन वायूच्या सान्निध्यांत त्या द्रवाची पुन्हा वाफ होतांना कपाटांतील उष्णता शोषली जाते. मग पाणी त्या अमोनियाला पोटांत घेतें व तें मिश्रण उतरत्या नळ्यांतून बंबाकडे परत येतें. विस्तव लावून गारवा मिळविण्याची ही करामत चालते ती केवळ उताराच्या जोरावर. नळ्यांचे उतार कारखान्यांत बेतलेले असतात. ते खोली सरळ उभी आहे असें धरून.

खोली कलली, कीं कांहीं नळ्यांचा उतार नाहींसा होतो. द्रव वाटेंत अडून राहतो, बंब कोरडा पडूं लागतो, आणि खालची ज्योत तर चालूच असते. नळ्या गंजूं नयेत म्हणून मिश्रणांत सोडियम क्रोमेट हें द्रव्य घातलेलें असतें. अतिउष्णतेनें तें बिघडून घट्ट होतें व नळ्या तुंबवितें. हा बिघाड मागें फिरत नाहीं. आज अर्धा तास, उद्यां एक रात्र, असें करतां करतां तो सांचत जातो, आणि एके दिवशीं कपाट गार होईनासें होतें. क्वचित् नळी फुटून आंतला वायु बाहेर पडतो. ज्योत जवळच असल्यामुळें आग लागण्याचेंही भय असतें. चालत्या मोटारींत ही अडचण तितकी जाणवत नाहीं, कारण हेलकाव्यांनीं द्रव एके जागीं अडकून राहत नाहीं. घात होतो तो उभ्या मोटारींत.

अशा कपाटांच्या पुष्कळ बनावटींत आडव्या बाजूनें ३ अंश आणि पुढें-मागें ६ अंश ही मर्यादा दिलेली असते. येथें एक फसगत संभवते. या बाजू मोटारीच्या नव्हेत. कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या आहेत. कपाट खोलीच्या बाजूच्या भिंतीला बसविलेलें असेल तर मोटारीची लांबी ही कपाटाची आडवी बाजू होते, आणि ३ अंशांची कडक मर्यादा मोटारीच्या लांबीला लागूं पडते. म्हणून आपल्या कपाटाची पुस्तिका वाचावी आणि पाणसळ कपाटाच्या आंतल्या तळावर ठेवून पाहावी. अलीकडे सौरपट्टिका व लिथियम विद्युत्-घट यांमुळें वीज सुलभ झाली, आणि पुष्कळ नव्या घरांत दाबयंत्राचें, म्हणजे काँप्रेसरचें, शीतकपाट आलें. तें बराच कल सोसतें. ज्यांच्या घरीं तें आहे त्यांनीं माणसाला झोंप लागेल इतकी समपातळी साधली तरी भागतें.

किती उंच करावयाचें, हें आतां गणितानें ठरवितां येतें. नियम सोपा आहे : दोन चाकांमधील अंतराला ५७ नें भागावें, एका अंशाला तितकी उंची लागते. समजा, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १४० इंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांतील ६८ इंच. तर लांबीच्या दिशेनें एका अंशाला सुमारें अडीच इंच, आणि रुंदीच्या दिशेनें सुमारें सव्वा इंच. ट्रेलर नांवाच्या ओढून न्यावयाच्या घराला पुढें एक दांडा व त्याखालीं उच्चालक असतो; त्याचें नाक हवें तितकें वर-खालीं करतां येतें. मोटारीच्या पाठीवरच्या घराला ती सोय नाहीं. त्याची पातळी चार चाकांखालींच साधावी लागते.

समजा, आपल्या जोडप्याची मोटार पुढें २ अंश आणि डावीकडे १ अंश उतरती आहे. पुढच्या दोन्ही चाकांना पांच पांच इंच हवे. डावीकडच्या दोन्ही चाकांना सव्वा सव्वा इंच हवा. म्हणजे मागचें उजवें चाक जमिनीवर, मागचें डावें सव्वा इंच, पुढचें उजवें पांच इंच, आणि पुढचें डावें दोहोंची बेरीज करून सव्वासहा इंच. सर्वांत खालच्या चाकाला दोन्ही उणिवा भरून काढाव्या लागतात. हें ध्यानांत न घेतां एकाच कोपऱ्याखालीं ठोकळे रचीत बसलें तर मोटारीचा सांगाडा पिळला जातो आणि बुडबुडा कांहीं जागेवर येत नाहीं.

पण सव्वासहा इंच म्हणजे ठोकळ्यांचा लहानसा मनोराच झाला. शहाणा प्रवासी येथें ठोकळे न काढतां पुन्हा मोटारींत बसतो आणि तिचें तोंड फिरवितो. रुंदीच्या दिशेनें एका अंशाला निम्मीच उंची लागते, हें वर आलेंच आहे. मोटार काटकोनांत वळवून २ अंशांचा उतार रुंदीवर घेतला तर सर्वांत खालच्या चाकाखालीं पांच इंच पुरतात. आणखी थोडी फिरवून साराच उतार रुंदीवर आणला तर एका बाजूच्या दोन चाकांखालीं सुमारें पावणेतीन इंच पुरतात, आणि दुसरी बाजू जमिनीवरच राहते. तीच जमीन, तीच मोटार. केवळ तोंड फिरविल्यानें निम्म्याहून अधिक श्रम वांचले. मात्र ही युक्ति थोड्या उताराचीच आहे. खोली उंच व वरून जड असल्यामुळें मोठा उतार बाजूवर घेणें धोक्याचें. तेथें जागा सोडून पुढें जावें, हाच उपाय.

ठोकळे लांकडाचे असोत वा एकांत एक बसणारे प्लॅस्टिकचे, ते ठेवण्यांतही रीत आहे. लांकडी फळ्यांच्या कडा उतरत्या तासाव्या आणि खालची फळी वरचीपेक्षां लांब ठेवावी, म्हणजे चाकाला पायरीपायरीनें चढतां येतें. टायरचा जमिनीला टेकणारा सगळा भाग ठोकळ्यावर बसला पाहिजे. अर्धा बाहेर लोंबतां कामा नये. मागें जोडचाकें असतील तर दोन्ही जोडीदारांखालीं सारखा आधार द्यावा, नाहीं तर सारा भार एकट्यावर पडतो. दगडगोट्यांवर प्लॅस्टिकचा ठोकळा अधांतरीं राहून तडकतो, म्हणून खालचे गोटे बाजूस सारावे. भुसभुशीत वाळूंत रुंद फळी घालावी, कारण रात्रीं पाऊस आला तर संध्याकाळीं साधलेली पातळी पहांटे राहत नाहीं. मोटार हलक्या गतीनें चढवावी, आणि खुणा करणाऱ्यानें मोटारीच्या पुढें अथवा मागें उभें न राहतां बाजूला, चालकाला दिसेल असें उभें राहावें.

चाकें चढलीं म्हणजे काम संपलें असें नव्हे. पुष्कळ पिकअपांत हात-ब्रेक मागच्या चाकांनाच आवळतो. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना उताराच्या बाजूनें घट्ट पाचर लावावी, आणि ती लावल्यावांचून आंत पाऊल ठेवूं नये. बैलगाडी चढावर थांबली कीं गाडीवान आधीं उतरून चाकामागें दगड लावतो, मग बैलांना पाणी दाखवितो. तोच क्रम येथेंही. उच्चालक लावून मागचीं चाकें जमिनीवरून उचलण्याचा मोह तर कधींच धरूं नये. जें चाक अधांतरीं आहे त्याचा ब्रेक आवळून मोटार थांबत नाहीं.

येथेंच एका नेहमींच्या चुकीचा उल्लेख केला पाहिजे. खोलीला चार कोपऱ्यांस चार पाय आहेत आणि कित्येकांना ते विजेनें खालीं-वर करतां येतात. मग चाकांखालीं ठोकळे कशाला, एका बाजूचे पाय लांब केले कीं झालें, असें अनेकांस वाटतें. पण खोली मोटारीला साखळ्या व ताणकाठ्यांनीं बांधलेली असते. पाय लांब केले कीं ते नुसती खोली उचलीत नाहीत. बांधलेली मोटारही उचलूं पाहतात. तें ओझें पायांना झेपणारें नसतें, आणि ज्या खुंट्यांत ताणकाठ्या अडकविल्या आहेत त्या उखडूं शकतात. पाय खोलीकरितां आहेत, मोटारीकरितां नव्हेत. पातळी साधल्यावर ते जमिनीला हलकेच टेकवावे; आंत चालतांना खोली डुलते ती तेवढ्यानें थांबते. सकाळीं निघण्यापूर्वीं ते वर घेतले कीं नाहीं हें मात्र फिरून पाहावें.

खोली उतरवून चार पायांवरच ठेवावयाची असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हां पाणसळ पायांनींच साधावी लागते. तीन पायांची घडवंची कोठेंही ठेवली तरी डगमगत नाहीं, चार पायांच्या पाटाखालीं मात्र चकती सरकवावी लागते, हा घरोघरचा अनुभव आहे. चौघांपैकीं एक पाय हलका राहिला तर त्याचा भार उरलेल्यांवर जातो. म्हणून प्रत्येक पायाखालीं फळी घालावी, पाय थोडे थोडे, आळीपाळीनें फिरवावे, आणि पातळी साधतांच खोली जितकी खालीं आणतां येईल तितकी आणावी. उंच पायांवरची खोली वाऱ्यानेंसुद्धां हलते.

एवढी सारी खटपट पाहून कोणी म्हणेल कीं, मुळांतच सपाट जागा शोधावी हें उत्तम. तें खरेंच आहे. पण या उपदेशांत एक जीवघेणा सांपळा आहे. नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटांत सर्वांत सपाट, मऊ आणि स्वच्छ जागा कोणती? पुष्कळदां ती कोरड्या ओढ्याचें पात्र असते. तेथले लोक त्याला 'वॉश' म्हणतात. ती भूमि सपाट केली आहे ती पाण्यानेंच, आणि ज्यानें ती केली तो केव्हां परत येईल याचा नेम नाहीं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर तेथें वादळी पावसाचा काळ असतो. मैलोगणती दूर डोंगरावर ढग फुटावा, आणि येथें माथ्यावर चांदणें असतांना लोंढा यावा, असें घडतें. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं अॅरिझोनांतील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळींत असाच लोंढा आला आणि अकरा प्रवासी प्राणांस मुकले. पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, दूर. अमेरिकेच्या हवामानखात्याचा इशारा असा आहे कीं, एक फूट खोल वाहतें पाणी लहान मोटार ओढून नेऊं शकतें, आणि दोन फूट पाण्यापुढें बहुतेक वाहनें टिकत नाहीत. ज्या घराला जोतें नाहीं त्याला तर पाण्यानें उचलावयाचाच अवकाश.

अशी जागा ओळखण्याच्या खुणा आहेत. दोन्ही बाजूंस थोडे उंच कांठ आणि मध्यें एकसारखी चाळल्यासारखी वाळू. तींत झुडुपें नाहीत किंवा विरळ. आणि कांठच्या झुडुपांच्या फांद्यांत कमरेइतक्या उंचीवर अडकलेला काडीकचरा. तो कचरा तेथें वाऱ्यानें आणलेला नसतो. शेवटचें पाणी कोठपर्यंत चढलें होतें याचीच ती खूण असते. ज्याला ही खूण वाचतां आली तो सपाट वाळू सोडून दगडगोट्यांच्या उंचवट्यावर जाईल, तीन इंचांचे ठोकळे लावील, पाचर ठोकील, आणि निश्चिंत निजेल.

आपले जोडपें अशा उंचवट्यावर मुक्कामाला आलें, तेव्हां त्यांच्या पाणसळींतला बुडबुडा कदाचित् बरोबर मध्यें नसेल. अर्धा अंश इकडे अथवा तिकडे असेल. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. शीतकपाट आपल्या मर्यादेंत आहे, डोकें पायांपेक्षां उंच आहे, चाकें अडविलेलीं आहेत, आणि संत्रें टेबलावरच आहे. याहून अधिक समपातळीची त्या घरांत कोणालाच गरज नाहीं. गवंड्याचें जोतें शंभर वर्षांसाठीं असतें, म्हणून त्याला केसभर चूक चालत नाहीं. या घराचें जोतें एका रात्रीचें. तें एका रात्रीपुरतें खरें असलें म्हणजे पुरे. पण ती एक रात्र नीट पार पडली पाहिजे. म्हणून फिरत्या घराच्या धन्यानें पाणसळ अवश्य साधावी, परंतु ती पाण्याची वाट सोडून.